बारा वर्षे आवळलेले रीळ

मित्रांनो, समुद्रात गळ टाकण्याच्या काठीला बसवतात, तसले मी एक पितळी रीळ आहे. वय चाळीसच्या पुढे. माझ्यावर अडीचशे मीटर दोरी मावते. माझी मूठ लाकडाची आहे आणि ती आजही गुळगुळीत फिरते. ही गोष्ट आता पूर्णपणे फक्त एका माणसाला ठाऊक आहे, आणि तो ती कोणाला सांगणार नाही.

एका लहान कारखान्यात लेथवर माझा जन्म झाला. माझ्या पोटात चामड्याच्या तीन आणि पितळेच्या तीन चकत्या एकाआड एक रचल्या गेल्या. हा माझा ब्रेक. बाहेर चांदणीच्या आकाराची एक किल्ली आहे. ती आवळली की चकत्या एकमेकींवर दाबल्या जातात. मोठा मासा जोर लावतो तेव्हा त्या थोड्या घसरतात, दोरी थोडी सुटते, मासा दमत जातो. चकत्या घसरल्या नाहीत, तर सगळा जोर दोरीवर, काठीवर आणि काठी धरणाऱ्या हातांवर येतो. गळ खाली सोडायला मात्र वेगळा खटका आहे, आणि बारीक मासा ओढायला ब्रेक लागत नाही.

एका बापाने आपल्या थोरल्या मुलाला पहिली नोकरी लागली म्हणून मला विकत घेतले. थोरला शाळेत मास्तर झाला होता. धाकटा वजनकाटे दुरुस्त करायचा. बंदरातून रोज सकाळी एक बोट सुटे. तिकीट काढायचे, कठड्याला टेकून उभे राहायचे, तांडेल बोट पाण्याखालच्या खडकांवर नेऊन थांबवेल तिथे गळ सोडायचा. दोघे भाऊ दर महिन्याला जात. काठी मास्तरांच्या हातात, आमिष लावायला धाकटा. घरी आले की मास्तर मला गोड्या पाण्याने धूत, किल्ली सैल करत आणि मगच स्वतः आंघोळीला जात. माझी ती चांगली वर्षे होती.

एके दिवशी मास्तरांचा खांदा भरून आला. ते धाकट्याला म्हणाले, “पाच मिनिटं धर रे.”

त्या पाच मिनिटांत हेकरू लागला. हेकरू म्हणजे खडकाच्या कपारीत राहणारा, पोत्यासारखा जड मासा. धाकट्याने तो पंचवीस मिनिटांत वर आणला. एकोणीस किलो भरला. सगळ्या बोटीने टाळ्या वाजवल्या. तांडेलाने धाकट्याचा फोटो काढला आणि पुढे तो आपल्या केबिनमध्ये चिकटवला. मास्तरही हसले. घरी येऊन त्यांनी मला धुतले नाही. किल्ली मात्र आवळली. फिरेनाशी होईपर्यंत आवळली आणि मला कपाटात ठेवले.

“मान दुखते,” असे सांगून त्यांनी बोट सोडली. धाकट्याला ते खरे वाटले.

बारा वर्षे मी तसेच पडून होते. मीठ हवेतली ओल ओढून घेते. ओल्या मिठात चामडे फुगले, मग वाळले, मग पितळेला चिकटले. सहा चकत्यांचा एक गोळा झाला. या वर्षांत धाकटा दिवाळी-दसऱ्यालाच नव्हे, तर एरवीही वाट वाकडी करून अधूनमधून यायचा आणि विचारायचा, “दादा, एकदा जाऊ या की बोटीवर.” मास्तर म्हणत, “बघू.”

मग मास्तर निवृत्त झाले. महिनाभरात लोकांनी त्यांना ‘सर’ म्हणून रस्त्यात थांबवणे बंद केले. धाकटा पुन्हा आला.

“वहिनी, तुम्ही तरी सांगा याला. आई गेली, बाबा गेले. आता आम्ही दोघंच उरलो. महिन्यातून एक दिवस मागतोय मी.”

“माझं ऐकलं असतं तर टेबलावर एवढी वर्तमानपत्रं साठली असती का?” वहिनी म्हणाल्या.

“जाऊ,” मास्तर म्हणाले. “सामान मी बघतो. तू काही आणू नकोस.”

धाकट्याचा चेहरा असा खुलला की वहिनींनी पुन्हा चहा टाकला.

मास्तर मला घेऊन बंदराजवळच्या दुकानात गेले. ते दुकान एक बाई चालवत. त्यांच्या कपाळावर भिंग होते आणि बोलणे तुटक होते. बारा वर्षांत सगळे बदलले होते. मास्तरांनी तंगुसाची, म्हणजे नायलॉनच्या एकाच तारेची दोरी मागितली, तर बाईंनी विणलेली दोरी पुढे केली.

“निम्म्या जाडीत दुप्पट जोर. पण ताणत नाही. झटका बसला तर सगळा हाताला बसतो. ब्रेक चांगला हवा.”

“काठी?”

“खाली काय आहे? खडक? मग कडक काठी घ्या. मऊ काठीनं मासा कपारीत शिरेपर्यंत तुम्ही नुसते वाकत राहाल. शिसं दोनशे ग्रॅमचं. प्रवाह वाढला तर तीनशे. दोन्ही ठेवा.”

मास्तरांनी स्वतःसाठी नवे रीळ निवडले. तीन हातात घेतली, फिरवली, हलके आणि काळे होते ते ठेवले. मग मला पिशवीतून काढले. बाईंनी माझे झाकण उघडले आणि भिंग डोळ्यांवर ओढले.

“चकत्या चिकटल्यात. किल्ली आवळून ठेवली होती का?”

“असेल.”

“बदलायला अर्धा तास लागेल.”

“नको. बाहेरून चकचकीत करून द्या. आणि ती विणलेली दोरी भरा.”

“ब्रेक नाही आणि ही दोरी? माशाला लावणार असाल तर मी देणार नाही.”

“शोभेला ठेवायचंय हो,” मास्तर म्हणाले.

बाईंनी मान हलवली. दुरुस्तीचे लोक करतात तसे त्यांनी झाकणाच्या आतल्या बाजूला टोकदार सुईने काहीतरी कोरले आणि झाकण बसवले. मास्तर तेव्हा नव्या काठीचा तोल बघत होते.

मित्रांनो, मला वाटले होते की मास्तरांना मी खरोखरच शोभेला हवे आहे.

बोट निघाली त्या सकाळी समुद्र सपाट होता. नेहमीच्या गिऱ्हाइकांत एक टोपीवाला होता. त्याने मास्तरांना ओळखले.

“काय मास्तर, बारा वर्षांची रजा? अर्ज तरी केला होतात का?”

लोक हसले. तेवढ्यात तांडेल केबिनमधून बाहेर आला, मास्तरांच्या बाजूने पुढे गेला आणि धाकट्याचा हात धरला.

“हेकरूवाले! अहो, तुमचा फोटो आहे अजून आत. दाखवतो चला.”

धाकटा फोटो बघून लाजत परत आला. मास्तरांनी दोन पिशव्या उघडल्या होत्या. एका काठीवर नवे काळे रीळ होते. दुसऱ्या काठीवर मी. क्षणभर त्यांचा हात नव्या काठीवर होता. मग त्यांनी मला उचलले.

“घे. तुझं लाडकं. मुद्दाम चकचकीत करून आणलंय.”

धाकट्याचे डोळे भरून आले. “दादा, हे अजून आहे तुझ्याकडे?”

मित्रांनो, हा माणूस आयुष्यभर वजनकाटे दुरुस्त करत आला होता. हातात आलेली कोणतीही वस्तू तपासल्याशिवाय तो वापरत नसे. माझी दोरी त्याने मनगटाला गुंडाळली आणि तो ती ओढून बघणार होता. ती ओढली असती तर त्याला कळले असते.

“तपासतोयस?” मास्तर म्हणाले. “मी बघून आणलंय ना.”

धाकट्याने लगेच दोरी सोडली. “छे, छे. सवय रे.”

दोन तास बारीकसारीक मासे लागले. टोपीवाल्याची दोरी दोनदा गुंतली आणि त्याने दोन्ही वेळा खलाशाला शिव्या दिल्या. भावाभावांनी एका डब्यातून खाल्ले. धाकटा सारखा बोलत होता. बाबांना पोहता येत नसूनही ते कठड्यावर कसे बसत, ते सांगत होता. मास्तर हसले. मला वाटले, आता ते काठ्या बदलतील.

मग हेकरू लागला.

मासा खाली कपारीकडे धावला. दोरी ताणणारी नव्हती, काठी कडक होती आणि माझ्या चकत्या जागच्या हलल्या नाहीत. धाकट्याचा डावा हात काठीखाली होता. काठी त्या हातासकट लोखंडी कठड्यावर आदळली आणि तिथेच दाबून राहिली. किती वेळ? तीन सेकंद असेल. मग दोरी तुटली.

खलाशी धावला. धाकट्याची दोन बोटे मधल्या पेरापाशी चेंदली होती. टोपीवाला म्हणाला, “ब्रेक सैल करायचा असतो, एवढंही विसरलात का राव? केबिनमधला तो फोटो उतरवा आता.”

खलाशाने मला हातात घेऊन किल्ली फिरवून बघितली. ती फिरली नाही. त्याने मास्तरांकडे पाहिले.

“आत्ताच अडकलं असेल,” मास्तर म्हणाले.

धाकटा बाकावर पांढराफटक बसला होता. हाताला फडके बांधलेले. तो म्हणाला, “दादा, माफ कर. बाबांचं रीळ बिघडवलं मी.”

“असू दे,” मास्तर म्हणाले. “तुला सवय राहिली नाही.”

“मी दुरुस्त करून देतो. हात बरा झाला की.”

सगळ्या बोटीसमोर मास्तरांना नाही म्हणता आले नाही.

हात बरा झाला नाही. एक बोट कापावे लागले, दुसरे वाकत नाही. दोन महिन्यांनी धाकट्याने मला टेबलावर घेतले. काट्यांचे बारीक काम आता त्याच्याकडे येत नव्हते. स्क्रू त्याने उजव्या हाताने काढले, झाकण त्याच्या बायकोने धरले. आतल्या बाजूला बाईंनी कोरलेली तारीख होती. बोट निघाली त्याच्या आठ दिवस आधीची. तिच्याखाली बारीक अक्षरांत होते: चकत्या चिकटलेल्या. मालकाला सांगितले.

त्याने दिवा जवळ ओढला आणि ते पुन्हा वाचले.

“काय लिहिलंय?” बायकोने विचारले.

“काही नाही. कारखान्याचा नंबर आहे.”

त्याने चामड्याच्या तीन नव्या चकत्या कापल्या. एका हाताने कापायच्या म्हणून त्याला चार संध्याकाळी लागल्या. त्या तेलात भिजवल्या, बसवल्या. काट्याला मला अडकवून ब्रेक नेमक्या किती जोराला सुटतो ते बघितले. चार किलोला सुटला. त्याने किल्ली सैल केली. झाकणावरची अक्षरे त्याने पुसली नाहीत. ती आत ठेवून झाकण बंद केले आणि मला मास्तरांकडे आणून दिले.

“झालं बघ. फिरवून बघ ना, दादा.”

“तुझ्या हातावर विश्वास आहे माझा,” मास्तर म्हणाले आणि मला काचेच्या कपाटात ठेवून किल्लीने कुलूप लावले.

वहिनी म्हणाल्या, “भावोजी, चहा?”

“नको वहिनी. निघतो.” यानंतर तो बोटीचे कधी बोलला नाही. मास्तरांनी मात्र पुढच्या महिन्यात दोनदा फोन केला. दोन्ही वेळा त्याच्या बायकोने उचलला आणि ते झोपलेत म्हणून सांगितले. दुपारी चार वाजता.

आता पाहुणे आले की मास्तर माझ्याकडे बोट दाखवतात. “बाबांनी मला घेऊन दिलं होतं. आमच्या धाकट्यानं मोडलं. जोर जास्त, अक्कल कमी.” पाहुणे हळहळतात. मी लोण्यासारखे फिरू शकते, हे मास्तरांना माहीत नाही. झाकणाच्या आत काय लिहिले आहे, तेही माहीत नाही. ते कळायला त्यांना मला हातात घ्यावे लागेल, आणि ते मला हात लावत नाहीत.

मित्रांनो, मला धुऊन ठेवा, तेल घाला, ब्रेक सैल करून ठेवा, हे तर मी सांगेनच. रिळांनी तेवढे सांगायचेच असते. पण त्याहून कामाचे एक सांगते. कुणी काही हातात दिले, तर त्याच्या समोर ते ओढून, फिरवून, उघडून बघा. देणारा सख्खा भाऊ असला तरी बघा. त्याचे तोंड वाकडे झाले, तर होऊ द्या. धाकट्याने त्या सकाळी भावाचे मन राखले आणि दोरी सोडली. ती ओढून बघायला दोन सेकंद लागले असते.