मास्तरांचा कापलाच नाही

“अगं बाई! मास्तर, तुमचा कापलाच नाही!” ओव्हरलॉकवाली एवढ्या जोरात ओरडली की शेजारच्या दोन मशिनी थांबल्या.

नव्या आर्थिक वर्षाचा पहिला पगार झाला होता. शिवणकारखान्यात जो तो पगाराची पावती हातात धरून, करापोटी किती गेले ते बघून ऑफिसच्या नावाने बोटं मोडत होता. कटिंग मास्तरांच्या पावतीवर मात्र कराच्या रकान्यात सरळ शून्य. जन्मभर कापड कापणाऱ्या माणसाचंच काही कापलं गेलं नाही, यावर मंडळी पोट धरून हसली.

“वशिला लावलात काय, मास्तर?”

“ते काही नाही, आता चहा पाजा!”

मास्तरही हसले, पण पावती पुन्हा पुन्हा उलटून बघत राहिले. त्यांच्या टेबलावर आलेल्या कापडाच्या थानांपैकी जे ठेवून घ्यायचं त्याला कात्री लागायची. जे परत पाठवायचं ते तेवढं न कापता बाजूला पडायचं. हे त्यांच्या इतकं अंगात मुरलं होतं की ते शून्य बघूनच त्यांना धडकी भरली.

घरी बायको खूश. “अहो, जास्तच आलेत ना? मग तोंड पाडून का बसलात? धाकटीची फी सुटली की!”

“चुकून आले असतील. मागाहून एकदम वळते करून घेतील.”

“तुमचं आपलं नेहमीचंच. चांगलं झालं तरी शंका!”

धाकटीच्या नर्सिंगची अजून दोन वर्षं राहिली होती. नोकरीचीही दोन राहिली आहेत, म्हणजे पोरगी पायावर उभी राहिली की आपण बसायला मोकळे, असा मास्तरांचा हिशेब. रात्रभर त्यांचा डोळ्याला डोळा लागला नाही.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ते हिशेबाच्या खिडकीशी जाऊन उभे राहिले. मागे तक्रारवाल्यांची रांग होतीच.

“बाई, माझा कर कापायचा राहिलाय.”

हिशेबाच्या बाईंना हसू आलं. “लोक जास्त कापला म्हणून भांडायला येतात, मास्तर. तुम्ही पहिलेच!” त्यांनी संगणकात पाहिलं. “राहिलेला नाही, बरोबर आहे. वर्षभरात किती पगार होईल ते आम्ही आधी धरतो, आणि त्यावरचा कर दर महिन्याला थोडा थोडा कापतो. तुमचा वर्षाचा पगार मर्यादेच्या आत बसतोय. म्हणून शून्य.”

“आत कसा बसेल? ओव्हरलॉकवालीला माझ्यापेक्षा कमी पगार, तिचा कापलात.”

“तिचे बारा महिने धरलेत.” बाईंचा आवाज खाली आला. “तुमचे चारच. साठ पूर्ण होतायत ना तुम्हाला?”

मास्तरांनी खिडकीची चौकट घट्ट धरली. खरं तर त्यांना अठ्ठावन्न वर्षं पूर्ण होणार होती. पण अठराच्या आतल्या पोराला कापायच्या मशिनीवर घेत नसत, म्हणून वडिलांनी मुकादमासमोर “अठरा पूर्ण” असं ठोकून दिलं होतं आणि हळूच पाठीला चिमटा काढून पुटपुटले होते, “टाचा उचल.” सोळाच्या पोराने टाचा उचलल्या. त्याच्या पगारावर घरची चूल पेटू लागली. ती वरची दोन वर्षं मास्तर साफ विसरून गेले होते.

“बाई, माझं वय दोन वर्षांनी जास्त लागलंय. वडिलांनी तसं सांगितलं होतं.”

“जन्माचा दाखला आहे का?”

“दाखला कुठला हो? वडिलांना ठाऊक होतं, ते गेले.”

बाईंनी संगणकाकडे बघत नकारार्थी मान हलवली.

“मग असं करा,” मास्तर घाईघाईने म्हणाले, “माझाही कापा. सगळ्यांचा कापता तसाच. वाटलं तर जास्त कापा, माझी तक्रार नाही.”

“अहो मास्तर, कर कापला म्हणून नोकरी राहते का? तुमचेच पैसे अडकतील.”

“अडकू देत. कापा हो, बाई.”

मागे कोणीतरी फिसकन हसलं. बाई हसल्या नाहीत. मास्तरांच्या लक्षात आलं, आपण खिडकीशी टाचा उचलून उभे आहोत. त्यांनी त्या खाली टेकल्या आणि मागच्याला जागा करून दिली.

“काय म्हणाल्या बाई?” ओव्हरलॉकवालीने विचारलं. “कापणार का आता?”

“नाही. बरोबर आहे म्हणे.”

“मग चहा!”

“सांगून टाक सगळ्यांना. माझ्याकडून.”

एकच गलका झाला. चहा आला, मास्तरांच्या नशिबाचा सगळ्यांना हेवा वाटला, आणि मशिनी पुन्हा सुरू झाल्या. टेबलाच्या कडेला डाग पडलेलं एक थान पडून होतं. हमाल ते परत पाठवायला उचलू लागला, तेव्हा मास्तरांनी त्यावर हात ठेवला.

“राहू दे,” ते म्हणाले. “डाग सोडून निघेल यातून अजून.” आणि त्यांनी थान उलगडून कात्री हातात घेतली.