काळ्या शाईतली बाई

भालचंद्रांनी खिळा ठोकून फ्रेम हॉलमध्ये टांगली, तेव्हापासून अरुणाचं कशातच लक्ष नव्हतं. रिटायर झाल्यावर माणसाने एखादा छंद लावून घ्यावा, हे तिचंच म्हणणं. पण छंदाला बाई कशाला लागते? काळी शाई, चार रेघा, आणि त्यांत बसलेली एक बाई. एक गुडघा वर, पाठीला बाक, मानेवर सैल अंबाडा, दोन्ही हातांत काहीतरी गोल. चेहरा नाहीच.

तीच तर मेख होती! चेहरा काढला असता तर ओळखू आली असती ना बया.

"मम्मी, मॉडर्न आर्ट आहे यार," मानेसर भागातल्या कंपनीची बस गाठायच्या घाईत इशिता, तिची लेक, म्हणाली. "ती कुणीच नसते. ते गोल म्हणजे पृथ्वी वगैरे असेल."

समोरच्या फ्लॅटमधल्या मल्होत्राबाई चहाला आल्या. चष्मा सावरत म्हणाल्या, "बच्चा है जी, गोद में." अरुणाला ठसकाच लागला. अगंबाई, मूलसुद्धा?

मग एकेक आठवायला लागलं. शनिवारचा चित्रकलेचा क्लास दुपारीच संपतो, आणि हे इथे द्वारकेला, घरी, उगवतात दिवेलागणीला. विचारलं की मेट्रोला गर्दी. शनिवारी कसली डोंबलाची गर्दी! आणि रेघ काढायला इस्त्रीचा शर्ट लागतो का कुणाला? ती पुन्हा चित्रापुढे जाऊन उभी राहिली. बाकीच्या रेघा शिकाऊ हाताच्या, चाचपडत गेलेल्या. पाठीची तेवढी एका दमात उतरली होती. ही पाठ त्यांनी पुष्कळदा पाहिलेली होती.

रात्री पोळी वाढताना तिने विचारलंच. "अहो, ही कोण?"

"कोण म्हणजे? चित्र आहे ते."

"चित्राला पाठ आहे. कुणाची?"

भालचंद्रांनी पोळीचा घास मोडला. मग हसले. "तुझी गं! दुसऱ्या कुणाची असणार?"

अरुणा विरघळलीच. इतक्या वर्षांच्या संसारात या माणसाने तिच्या नव्या साडीकडेही धड पाहिलं नव्हतं, आणि इथे तर पाठ पाठ झालेली! आपण मात्र मनात काय काय आणलं. तिला स्वतःची लाज वाटली. तिने त्यांच्या पोळीवर आणखी तूप सोडलं.

"अच्छा! मग हातात काय दिलंय माझ्या?" तिने लाडात विचारलं.

"नारळ!" भालचंद्र खुलले. "विळीवर बसून खवतेस ना, तेव्हा अशीच दिसतेस. अंबाडा सुटत येतो, तरी मान वर करत नाहीस. मी बघत बसतो."

अरुणा सोलापूरची. माहेरी काय नि इथे काय, भाजीत पडायचं ते शेंगदाण्याचं कूट. नारळ तिने देवापुढे वाढवला असेल, खवला जन्मात नाही. आणि विळी या घरात कधी आलीच नव्हती. भाजी ओट्याशी उभं राहून सुरीने चिरायची, हीच इथली रीत.

तिने तुपाची वाटी खाली ठेवली.

"छान खवते हो," ती म्हणाली. "राहते कुठे?"