साडेचोवीस इंच

‘घराचे नूतनीकरण ठरलेल्या खर्चात, ठरलेल्या मुदतीत आणि घरातील कोणाचीही गैरसोय न होता पूर्ण झाले आहे.’

दादाने अहवालाचे पहिले वाक्य वाचून संपवले, तेव्हा त्याची बहीण, धाकटी, न्हाणीघराच्या दारात गुडघ्यांवर बसून चौकटीच्या एका अंगापासून दुसऱ्या अंगापर्यंत मापाची पट्टी ताणत होती.

अहवाल टाइप केलेला होता आणि त्याच्या पाच प्रती होत्या. दादाने एका कारखान्याच्या खरेदी खात्यात तेहतीस वर्षे काढली होती. अशा खात्यातून माणूस निवृत्त होतो. माणसातून खाते होत नाही. एक प्रत त्याने वहिनीच्या हातात दिली, एक सुताराला दिली आणि एक आईच्या मांडीवर ठेवली. आई बोळाच्या तोंडाशी चाकांच्या खुर्चीत बसली होती. अकरा महिने धाकटीच्या भाड्याच्या दोन खोल्यांत काढून ती त्याच सकाळी आपल्या घरी परतली होती. घर खरोखरच तिचे होते. चाळीस वर्षे लोकांचे कपडे शिवून तिने आणि गेलेल्या नवऱ्याने ते उभे केले होते, आणि नव्याने सजवण्याचा खर्च दोघा भावंडांनी निम्मा-निम्मा उचलला होता.

त्या वाक्यात तीन विधाने होती. धाकटीचे आयुष्य जुन्या हस्तलिखितांचे पाठ ताडून पाहण्यात गेले होते. एका वाक्यात तीन विधाने कोंबणारा लेखक बहुधा तिसऱ्याकडे कोणी पाहू नये म्हणून पहिली दोन लिहितो, हे तिला पक्के ठाऊक होते. ठरलेला खर्च? खरा होता. ठरलेल्या कापडात सदराही बसतो. बाह्या गाळल्या की झाले. ठरलेली मुदत? तीही खरी होती, फक्त ती दोनदा नव्याने ठरवली गेली होती. राहिले तिसरे.

“साडेचोवीस,” ती म्हणाली.

“काय साडेचोवीस?” वाचनात खंड पडल्याने दादाचा चश्मा कपाळावर गेला.

“दाराची मोकळी रुंदी, इंचांत. आईची खुर्ची साडेपंचवीस आहे.”

“आलं शुद्धिपत्र,” वहिनी प्रतीवरून नजर न उचलता म्हणाली.

हे धाकटीचे घरातले नाव होते. तिच्या पहिल्या पुस्तकाला तिने स्वतःच अकरा पानांचे शुद्धिपत्र जोडले होते. तेव्हापासून ती दारात दिसली की कोणीतरी हे म्हणायचेच. सत्तावीस वर्षांत विनोद शिळा झाला होता, पण या घरात काही टाकून देण्याची पद्धत नव्हती.

“एका इंचावरून एवढा तमाशा?” दादा म्हणाला.

“बुडणाऱ्यालासुद्धा नाकावर एकच इंच पाणी पुरतं, दादा.”

तिने उठून खुर्चीच्या मुठी धरल्या आणि आईला सरळ दारावर नेले. ती थांबेल असे सगळ्यांना वाटले. ती थांबली नाही. चाके चौकटीवर आदळली, नव्या रंगाचा एक पापुद्रा उडाला, आणि आईने हात वेळेवर मांडीवर घेतले नसते तर बोटांची सालटी निघाली असती. खाली, नव्या फरशीच्या वर, दोन बोटे उंचीचा उंबराही होता.

आईने चौकटीवर तळहात फिरवला. वीत टाकली, दुसरी टाकली.

“माया सोडलीच नाही,” शिवणीसाठी कडेला जादा कापड न सोडणाऱ्याला सुनावणाऱ्या शिंपिणीच्या सुरात ती म्हणाली. “आधी मापाला मला बोलवायचं होतंत.”

“आई, हे बघ.” दादा खुर्चीसमोर उकिडवा बसला. त्याचा आवाज मऊ झाला. हा आवाज तो पुरवठादारांकडून भाव पाडून घेताना काढायचा, असे वहिनीच कौतुकाने सांगत असे. “मी आधीच सोय बघून ठेवलीय. ते सेवागृह आहे ना, दवाखान्याच्या मागचं? तळमजला. सगळी दारं रुंद. माणसं दिवसरात्र हाताशी. सोमवारपासून जागा अडवून ठेवलीय. इथं तुला बाथरूमलासुद्धा जाता येणार नाही, मग कशाला हाल करून घ्यायचे?”

“हाल कोणी केले?” धाकटीने विचारले.

“परिस्थितीने.”

“परिस्थितीला चौकट बसवता येते, हे मला माहीत नव्हतं. मिस्त्री, नकाशात हे दार किती होतं?”

सुतार भिंतीला टेकून अहवालाची प्रत उलटी धरून उभा होता. तो या घराचे काम वीस वर्षे करत होता आणि त्याला दोन्ही बाजूंचा चहा प्यायचा होता. त्याने आधी दादाकडे पाहिले, मग आईकडे.

“तीन फूट, बाई. उंबरा न्हाई. मी नवीन चौकट रंधायला घेतलीबी व्हती. मग साहेब म्हणाले, जुन्या बाथरूमची उतरवलीय, तीच बसवा.”

“सागवान आहे ते!” दादा ताडकन उठला. “जुनं, लोखंडासारखं. आता मिळतं का असं? चांगलं लाकूड जाळायचं?”

“कधी म्हणाले?” धाकटीने सुतारालाच विचारले.

“तारीख नकाशावर असंल की. साहेब तारीख घातल्याबिगर काय बी खोडत न्हाईत.”

हे खरे होते, आणि दादाचा सगळा घात त्याच्या या सद्गुणाने केला. नकाशा स्वयंपाकघराच्या ओट्यावर, अहवालाला पुरावा म्हणून, त्यानेच आणून ठेवला होता. वगळलेल्या प्रत्येक कामावर लाल शाईची रेघ, रेघेच्या टोकाला आद्याक्षर, आद्याक्षराखाली तारीख. चोर पावलांचे ठसे पुसतो. दादाने आपल्या ठशांवर शिक्के मारले होते.

धाकटीने नकाशा पसरला आणि कोपऱ्यांवर चार वाट्या ठेवल्या. हा तिचा प्रांत होता. तिने बोट रेघांवरून हळूहळू नेले. गच्चीवरचे छप्पर रद्द, तारीख चार. माळ्याची कपाटे रद्द, नऊ. दादाच्या स्वतःच्या खोलीतली खिडकी लहान केलेली, बावीस. तो अप्पलपोट्या नव्हता, हे तिला मान्य करावे लागले. त्याने सगळ्यांचे थोडेथोडे कापले होते, आणि प्रत्येकाचे वेगवेगळ्या दिवशी, त्या-त्या वेळी हात आखडला तसतसे.

चार रेघा मात्र एकाच दिवशीच्या होत्या. न्हाणीघराचे रुंद दार. बिनउंबऱ्याची फरशी. भिंतीतली आधाराची दांडी. पुढच्या दाराशी पायऱ्यांऐवजी उतार. चारही एकाच सरळ हाताने, एकाच पट्टीने मारलेल्या. चारही सतरा तारखेच्या.

“दादा, सोळा तारखेला संध्याकाळी आपण कुठं होतो?”

“मला काय ठाऊक? वर्ष होत आलं त्याला.”

“दवाखान्यात. दुसऱ्या मजल्यावर, आईच्या खोलीबाहेर, पाण्याच्या टाकीजवळ. डॉक्टरांनी आपल्याला बाजूला घेतलं. काय म्हणाले?”

वहिनीने अहवालाची घडी घातली. “हळू बोला ना. आई आहेत इथं.”

“आई इथं आहे, हाच तर या घराच्या अंदाजपत्रकातला घोटाळा आहे, वहिनी.” धाकटीचा आवाज चढला नव्हता, उलट उतरला होता आणि अधिक स्पष्ट झाला होता, वर्गात मागच्या बाकापर्यंत पोचवायचा असतो तसा. “डॉक्टर म्हणाले, दोन महिने. फार तर अडीच. दुसऱ्या दिवशी सकाळी या चार रेघा. छप्पर रद्द करताना तू पैसे मोजलेस, दादा. या चार ठिकाणी तू दिवस मोजलेस.”

स्वयंपाकघरातल्या नव्या नळाची टिपटिप बोळापर्यंत येत होती. अहवालात तो नळ ‘समाधानकारक’ होता.

“दोन महिने?” आईने विचारले. हे तिला कोणी सांगितले नव्हते. तिने एकदा मुलाकडे, एकदा मुलीकडे पाहिले आणि मांडीवरची प्रत सारखी केली. “त्या डॉक्टरचं माप चुकलं म्हणायचं. कापड उरलं.”

कोणी हसले नाही. सुतार हसायला निघाला होता, तोही वाटेतूनच परतला.

दादाने भिंतीला हात टेकला. त्याच्या चेहऱ्यावर शरम येईल म्हणून धाकटी थांबली होती. आला तो संताप, आणि तो खोटा नव्हता.

“हो, मोजले! कोणीतरी मोजायचे होते. तुम्ही पोथ्या वाचणारी माणसं, तुमच्यासाठी सगळं आपोआप होतं. मी रोज इथं उन्हात उभा होतो. सिमेंट वाढलं, लोखंड वाढलं, मजुरी वाढली. दोन महिन्यांसाठी तीन फुटांचं दार कोण बसवतं? सांग ना! बसवलं असतंस तू?”

“आता बसव.”

“काय?”

“भिंत फोड आणि दार बसव. सेवागृहाला कळव, माणूस येत नाही म्हणून. माझ्या वाट्याच्या खर्चात धर. मिस्त्री, किती दिवस?”

“चौकट तयारच हाय माझ्याकडं, दुकानात पडून. गवंडी आज बसला तर तीन दिवस.”

दादाने कपाळावरचा चश्मा काढला, पुसला, परत लावला. त्या कपाळावर माणूस हरल्याची रेघ स्पष्ट उमटली होती, आणि धाकटीने ती एखाद्या लिपीसारखी पूर्ण वाचून घेतली. अकरा महिने तिने आईला उचलून नेले-आणले होते. पाठीची वाट लागली होती. हे वाचन तिचे हक्काचे होते.

“फोडा,” दादा म्हणाला. “सेवागृहाला मी कळवतो.” सुतार छिन्नी-हातोडा आणायला वळला. दादा मात्र नकाशाची घडी घालू लागला, आणि घडी घालताघालता, धाकटीकडे न बघता म्हणाला, “पण सतरा तारखेचं सांगतेच आहेस, तर सगळं सांग. रेघा मारायच्या आधी मी एक फोन केला होता. तो कोणाला, ते तू सांगतेस की मी सांगू?”

धाकटीच्या हातातली मापाची पट्टी सुटली आणि सर्रकन डबीत गेली. तिने ती लगेच पुन्हा बाहेर ओढली, जणू अजून काहीतरी मोजायचे राहिले होते. पण समोर मोजण्यासारखे काही नव्हते. पोथी उतरवून घेणारे लेखनिक तिच्यातल्या कोणत्या ओळी गाळतात, यावर तिने एक प्रबंध लिहिला होता. नजरचुकीने गळतात त्या थोड्या, असा त्याचा निष्कर्ष होता.

“दादा, त्याचा इथं काही—”

“थांबा मिस्त्री,” आई म्हणाली.

सुतार थांबला. हातोडा त्याने पाठीमागे धरला. आईने दोन्ही हातांनी चाके फिरवून खुर्ची वळवली. बोळ नवा असूनही अरुंद होता. तिला तीनदा मागेपुढे करावे लागले. कोणी मदतीला गेले नाही. ती मुलीसमोर येऊन थांबली, इतकी जवळ की पावले ठेवायची पट्टी धाकटीच्या नडगीला लागली.

“भिंत पळून जात नाही,” ती म्हणाली. “त्यानं काय केलं ते ऐकलं मी. त्यानं कबूलही केलं. आता तू सांग. त्यानं फोन केला, चारही कामं गाळतो म्हणाला. तू त्याला काय म्हणालीस गं?”

“आई, मी तेव्हा रात्रभर तुझ्या उशाशी बसले होते, मला काही सुचत—”

“ते नको. म्हणालीस काय, ते सांग. जसंच्या तसं.”

वहिनी स्वयंपाकघरात गेली आणि तिने टिपटिपणारा नळ घट्ट पिळला. धाकटीने दादाकडे पाहिले. तो नकाशाची घडी छातीशी धरून जमिनीकडे बघत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर जिंकल्याचा मागमूस नव्हता.

“मी म्हणाले,” ती म्हणाली, “‘किती पैसे वाचतील?’”