न विचारता घेतलेला चेहरा

मी एक जुना कटर आहे. गंजलोय, पण मेलेलो नाही, तेव्हा बोट लावण्याआधी दोनदा विचार करा. मित्रांनो, पेनाची, छत्रीची, फाटक्या पुस्तकाची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. ती बिचारी गरीब मंडळी. मी गरीब नाही. मी कागद कापला, रेडियम कापलं, थर्माकोल कापला आणि एकदा एका माणसाचा उजवा हात कापला. लपवायचं कशाला? तेच सांगायला तोंड उघडलंय.

माझा जन्म १९९४ साली वालीवच्या एका कारखान्याच्या गाळ्यात झाला. बाळ जन्मलं की पेढे वाटतात, माझ्या वेळी रक्त सांडलं. नथू नावाचा मिठागराकडचा कामगार माझ्या अंगाचा पत्रा प्रेसखाली धरत होता. त्याची नजर जराशी हलली, प्रेस धाडकन खाली आला आणि त्याच्या करंगळीचं पेर गेलं. "पानी! पानी आना रं!" एवढंच तो ओरडला. त्याला रिक्षात घातलं आणि मला फडक्यानं पुसून खोक्यात घातलं. जगात आल्या आल्या मी हे पाहिलं, मग माझा स्वभाव गोड कुठून असणार?

पुढे पापडीच्या शेल्डननं मला विकत घेतलं. त्याचं रस्त्याकडेला पत्र्याचं दुकान होतं. रिक्षांवर, मोटरसायकलींवर रेडियमची चित्रं कापून चिकटवायची, वाढदिवसाला थर्माकोलची अक्षरं आणि नाताळात येशूजन्माच्या गोठ्याची सजावट करायची, हा त्याचा धंदा. गल्ल्यावर त्याची बायको शर्ली बसे. शेल्डनचा हात असा होता की काय सांगू! पेन्सिलीची खूणसुद्धा न करता तो माझं पातं रेडियमवर टेकवायचा आणि एका दमात गरुडाचा पंख कापून मोकळा व्हायचा. मी बोथट झालो की चिमट्यानं टोक कटकन मोडायचा. खाली नवी धार तयारच असायची.

गिऱ्हाइकांना काय हवं असायचं? कवटी, विंचू, रक्ताचे थेंब गळणारा खंजीर. केबलवर कुस्ती सुरू झाली तशी त्या आडदांड पैलवानांची मुंडकी मागायला लागले. शेल्डन कापता कापता शर्लीला म्हणायचा, "लोकांना मारामारीच का गं आवडते? एकानेही अजून केळीचा घड मागितला नाही." शर्ली म्हणायची, "तू कवटी काप आणि गप घरी चल."

पण गप बसेल तो शेल्डन कसला! सतत काहीतरी मनात घोळत असायचं त्याच्या. आयडिया ही मच्छरासारखी असते, म्हणायचा, कानाशी आली की तिथल्या तिथे मारायची, नाहीतर गेली. म्हणून खिशात वही आणि मी, दोघं कायम. बसस्टॉपवर, चर्चमध्ये मिस्साला, मयताला, कुठेही एखादं नाक आवडलं की वहीत उतरवलंच. त्या माणसाला विचारायचं वगैरे त्याच्या गावीही नव्हतं.

२००१ साली बाजूच्या दुकानात कॉम्प्युटर आला आणि त्याला जोडलेलं कटिंग मशीन. जे काम आम्ही दोन तासांत करायचो ते मशीन पाच मिनिटांत करून द्यायचं. गिऱ्हाइकं तिकडे वळली. शेल्डनचा जळफळाट बघवत नव्हता. "मशीनला चुकायची भीती नसते, म्हणून त्याची रेघ मेलेली असते," तो म्हणायचा. "थांब, यंदाच्या म्हाताऱ्याला असं तोंड करतो की अख्खं गाव बघत राहील."

म्हातारा म्हणजे काय ते सांगतो. आमच्याकडे वर्षाच्या शेवटच्या दिवशी पेंढ्याचा म्हातारा करतात. त्याला जुनी पँट, जुना कोट घालतात, पोटात फटाके भरतात. पोरं त्याला हातगाडीवर गावभर फिरवतात, काठ्यांनी बडवतात, आणि वर्ष संपताना जाळून टाकतात. सरलेलं वर्ष गेलं, पीडा गेली. मजेचाच प्रकार, पण मार मात्र खरा असतो.

शेल्डनचा जिवलग मित्र होता सांडोर गावचा व्हॅलेरियन. रिक्षा चालवायचा. शेल्डननं आयुष्यात कापलेला पहिला गरुड त्याच्याच रिक्षावर होता. त्या वर्षी व्हॅलेरियनचे वडील बॅप्टिस्ट अंथरुणाला खिळले. कर्करोग होता. शर्ली रोज पेज करून द्यायची आणि शेल्डन ती घेऊन संध्याकाळी त्यांच्या वाडीत जायचा. व्हॅलेरियन त्याचा हात धरून म्हणाला होता, "तू आहेस म्हणून बरं वाटतं रे." मी शेल्डनच्या खिशात होतो. मला ठाऊक होतं तो काय करतोय. बॅप्टिस्ट अंकलचा डोळा लागला की वही बाहेर यायची. आत गेलेले गाल, कपाळाची शीर, उघडा जबडा. शेल्डन पुटपुटायचा, "काय चेहरा आहे! बापरे, काय चेहरा आहे!"

कळलं ना कशासाठी?

नाताळ झाल्यावर तीन दिवस आम्ही थर्माकोल कापत होतो. खोटं का बोलू, माझ्या आयुष्यातलं ते सगळ्यात सुंदर काम. मी गालाचा खड्डा कोरला, पापणीची सुरकुती कोरली. शर्लीनं पाहिलं आणि छातीवर क्रूस केला. "शेल्डन, हे बॅप्टिस्ट अंकल आहेत."

"म्हातारा आहे," तो म्हणाला. "म्हाताऱ्यासारखाच दिसणार."

"जिवंत माणसाला जाळतोस?"

"तोंड थर्माकोलचं आहे गं!"

ती तरातरा घरी निघून गेली.

एकतीस तारखेला भर दुपारी हातगाडी सांडोरात शिरली. म्हातारा वर बसलेला, कोट घातलेला, आणि त्याच्या खांद्यावर ते तोंड. मागून शेल्डन चालत होता, नवरदेवासारखा फुगलेला. पोरं ओरडत होती, "मार म्हाताऱ्याला! मार!" एक काठी कपाळावर बसली, एक जबड्यावर. थर्माकोलचा तुकडा उडाला. शेल्डननं मला बाहेर काढलं, पातं पुढे सरकवलं आणि तो जबडा नीट करू लागला.

तेवढ्यात रिक्षा आली. व्हॅलेरियनला नाक्यावर कुणीतरी सांगितलं होतं. तो उतरला आणि आपल्या बापाला काठ्या बसताना त्यानं पाहिल्या. आधी त्यानं पोरांच्या हातातली काठी हिसकावून गुडघ्यावर मोडली. मग शेल्डनच्या तोंडावर असा गुद्दा ठेवून दिला की त्याचा ओठ फाटला आणि तो गाडीच्या चाकावर आपटला.

"माझ्या घरात बसून पेज पाजत होतास ना रे! साल्या, माझा बाप मोजत होतास?"

"व्हॅली, ऐक ना, ते फक्त काम आहे..."

"काम?" व्हॅलेरियननं त्याच्या पोटात लाथ घातली. मी शेल्डनच्या हातातून निसटून खाली पडलो. व्हॅलेरियननं मला उचललं.

मित्रांनो, मला मालक कळत नाही. ज्याची मूठ, त्याचा मी. व्हॅलेरियनला शेल्डनला कापायचं नव्हतं. त्याला ते थर्माकोलचं तोंड फाडायचं होतं, म्हणून त्यानं मला वर उचललं आणि सपकन खाली आणलं. आणि शेल्डन, तो वेडा शेल्डन, "तोंड नको, तोंड नको फाडू!" म्हणत उठला आणि त्यानं त्या तोंडावर आपला उजवा हात आडवा घातला.

मी अंगठ्याच्या मुळात शिरलो. कातडी, मांस, आणि खाली काहीतरी ताणलेलं होतं, तेही कापलं. रक्त त्या पांढऱ्या गालावरून ओघळलं. पोरं पळाली. व्हॅलेरियननं मला टाकून आपला शर्ट काढला, शेल्डनच्या हाताला घट्ट गुंडाळला आणि त्याला स्वतःच्याच रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. आपल्या बापाचं तोंड मात्र त्यानं आधी उपटून घेतलं आणि सीटखाली ठेवलं. मी आणि बिनतोंडाचा म्हातारा रस्त्यावर राहिलो.

त्या वर्षी सांडोरात म्हातारा जळला नाही.

शर्लीनं मला रस्त्यावरून उचलून घरी आणलं आणि धुतलं. अंगठा वाचला, पण आतली कापलेली दोरी नीट जुळली नाही. पेला धरता येई, कटर नाही. चौथ्या दिवशी ती त्याला ओढतच बॅप्टिस्ट अंकलकडे घेऊन गेली. व्हॅलेरियन दारात उभा होता, आत या म्हणाला नाही, जा असंही म्हणाला नाही. ते तोंड अंकलच्या उशाशी होतं. रक्त वाळून तपकिरी झालेलं. अंकलनं मागूनच घेतलं होतं म्हणे.

शेल्डन खाली मान घालून म्हणाला, "चुकलो, अंकल."

अंकलनं उशाशी ठेवलेल्या तोंडाच्या गालावरून बोट फिरवलं. मग घरच्या बोलीत बोलला, तुम्हाला कळेल असं मी सांगतो. "हुबेहूब केलंयस. पण पोरा, मला विचारायचं तरी. दाढी करून, कोट घालून बसलो असतो की तुझ्यासमोर."

शेल्डन हुंदके देऊन रडला. गुद्दा बसला तेव्हाही रडला नव्हता.

दुसऱ्या दिवशी बॅप्टिस्ट अंकलनं खरंच दाढी करून घेतली. व्हॅलेरियननं त्याला लग्नातला कोट घातला आणि उशांना टेकवून बसवलं. शेल्डननं डाव्या हातानं काळ्या कागदावर पेन्सिलीनं रेघा ओढल्या, वेड्यावाकड्या, थरथरत्या. कापणार कोण? शर्लीनं मला पुढे केलं. व्हॅलेरियन मागे सरला. हातच लावेना.

"धर," शेल्डन म्हणाला. "हळू चालव. कटर ओढत नेतो, तू रोखून धर."

व्हॅलेरियननं मला मुठीत धरलं. त्या दिवशी मी जितका हळू चाललो तितका कधीच चाललो नव्हतो. दहा दिवसांनी अंकल गेला. हुबेहूब तोंड व्हॅलेरियननं कोटाबरोबर शवपेटीत ठेवलं. वाकडं चित्र अजून त्याच्या भिंतीवर आहे. नाक एका बाजूला गेलंय. तरी येणारा जाणारा ओळखतो.

शेल्डन आता कॉम्प्युटरवर काम करतो, डाव्या हातानं माऊस धरून. इंटरनेटवरून कुणाचा फोटो उचलायचा झाला की आधी फोन लावतो, "भाऊ, वापरू का?" समोरचे हसतात. हसू देत.

मी बिस्किटाच्या डब्यात पडून असतो. पात्याचं शेवटचं टोक उरलंय, तेही गंजलेलं. मित्रांनो, तुमच्या कंपासपेटीत माझा एखादा भाऊ असेल. काम झालं की त्याचं पातं आत ढकला, उघडं टाकू नका. आम्हाला मालक कळत नाही, थर्माकोल आणि अंगठा यातला फरक कळत नाही. तो तुम्हाला कळतो. आणि कुणाचा चेहरा आवडला तर आधी विचारा. कदाचित तो दाढी करून बसेल.