सॅम्पल फ्लॅटमधलं बाथरूम

लिंबू प्लास्टिकचं होतं. काचेच्या वाडग्यात अशी सात, आणि रोज त्यांच्यावरची धूळ पुसताना तिला हसू यायचं — शाळेला रामराम ठोकून शेवटी लिंबं पुसायला लागलो आपण! आज हसू आलं नाही. फडकं एकाच लिंबावर गोल गोल फिरत होतं, आणि आतून सफाईवाल्या मावशींचा आवाज —

"कुठल्या गाढवानं केलं गं हे?"

सॅम्पल फ्लॅटमध्ये सगळं खोटंच असतं. टीव्ही पुठ्ठ्याचा, पुस्तकांच्या नुसत्या पाठी, नळांना पाणी नाही, कमोडला खाली पाइपच नाही. बिल्डिंगमध्ये खाली दुकानं, वर फ्लॅट, आणि समोर जुनं स्टेशन — आता रंगवलेलं, दिवे लावलेलं, पार्सल ऑफिसात कॉफी विकणारं. गिऱ्हाइकाला खिडकीशी न्यायचं आणि म्हणायचं, "बघा, दीडशे वर्षांचा इतिहास तुमच्या खिडकीत." हे तिला पाठ होतं. त्या इतिहासातली एकतीस वर्षं बाबांनी सिग्नलच्या केबिनमध्ये लोखंडी दांडे ओढले होते, ते मात्र पाठ करून घेतलेल्यात नव्हतं.

आणि बाबा आज सकाळी आले. येऊ नका म्हणून दहादा सांगितलं होतं — तिथं मोठी माणसं येतात, तुम्ही येऊन काय करणार? — तरी आले. इस्त्रीचा शर्ट, पॉलिश केलेले बूट, बुटांवर दारात मिळणाऱ्या त्या निळ्या पिशव्या. ती एका जोडप्याला किचन दाखवत होती. बाबांनी दारातून पाहिलं, हसले… अर्धंच हसले. मी काय केलं? नजर फिरवली. एवढंच. पण लांबून येणारा इशारा ओळखण्यात ज्यांचा जन्म गेला त्यांना तेवढं पुष्कळ होतं. हसू त्यांनी घडी घालून आत ठेवलं. हात मागे बांधून, कशालाही न शिवता, खोल्या बघत फिरले. मग जवळ आले.

"मॅडम, बाथरूम कुठं आहे?"

मॅडम! मला. शुगरमुळे त्यांना थांबवत नाही, हे मला माहीत होतं, त्या जोडप्याला नव्हतं.

"एक मिनिट हं, सर," ती म्हणाली, आणि जोडप्यातल्या बाईंना ओट्याची लांबी सांगत बसली.

इथलं वापरू नका, बाहेर कॉफीवाल्याकडे जा — किती वेळ लागतो बोलायला? पाच सेकंद. पण त्यासाठी त्यांच्याकडे बघावं लागलं असतं.

मग बाथरूमचं दार आतून उघडलं, बाबा स्वतःच शोधून आत जाऊन आले होते. "पाणी येत नाहीये हो… एखादी बादली मिळेल का?"

बाईंनी नाकाला रुमाल लावला. नवरा खो खो हसला, "अहो काका, हे घर नाही, देखावा आहे!" तेवढ्यात मॅनेजर आला — त्याला सगळे इस्त्री म्हणतात, कारण कपड्यांवर काय, चेहऱ्यावरसुद्धा सुरकुती नसते.

"कोण हा माणूस? तुझ्या ओळखीचा आहे का?"

"नाही." विचारून संपायच्या आत म्हणाले मी. "असेच कुणीतरी आलेत."

बाबांनी हात जोडले. "चुकलं साहेब. यांचा काही दोष नाही."

यांचा. म्हणजे माझा.

"द्या मावशी, मी करते," ती आता बाथरूमच्या दारात येऊन म्हणाली.

"तू? तुला काय पडलंय? ज्यानं केलं त्याच्या घरच्यांनी येऊन धुवावं."

"मावशी, ते…"

"काय ते?"

बाकी कुणी एक शब्द बोलला तर चार ऐकवणारी मी. "ते… म्हातारे होते."

"म्हातारे झाले म्हणून डोळे फुटतात का?"

ती खालून पाणी घेऊन आली. दोन बादल्या, तीन मजले, जिन्यानं. मावशींनी घाम पुसत तिच्याकडे पाहिलं, "गुणाची गं बाई. आईबापांनी चांगलं वळण लावलंय." त्यांनी एक कानाखाली दिली असती तर बरं झालं असतं.

संध्याकाळी सहाला इस्त्री आणि रिसेप्शनवाली यांच्याबरोबर ती स्टेशनातून निघाली. इस्त्री सकाळचाच किस्सा रंगवून सांगत होता, रिसेप्शनवाली पोट धरून हसत होती. प्लॅटफॉर्मवरच्या बाकावर बाबा बसले होते. सकाळपासूनच की काय… त्यांनी पाहिलं, आणि मान वळवली, रिकाम्या रुळांकडे, गाडीची वाट बघत असल्यासारखी.

तिच्या डोक्यात सणक गेली. का वळवता मान? हाक मारा ना! चारचौघांत कान उपटा माझा! — आणि मग त्या सणकीखाली काहीतरी सैल झालेलं जाणवलं, छातीत, हलकं हलकं… त्यांनी मान वळवली म्हणून मला बरं वाटलं होतं. खरंच बरं वाटलं होतं.

ते बरं वाटणं कुठं ठेवावं ते तिला कळेना. बुटाची नाडी बांधायच्या निमित्तानं ती खाली बसली. "तुम्ही व्हा पुढे," म्हणाली. ते दोघं हसत पुढे गेले. नाडी घट्टच होती. तिनं सोडली, बांधली, परत सोडली… आणि बाबा अजून तिकडेच बघत होते, तिला हवा तेवढा वेळ देत.