न दिलेला होकार

मी वाफघरातला बाक बोलतोय, इंद्रेक लानेमेट्सच्या वाफघरातला. या, टेका की! मी तापतो, पण चटका देत नाही.

तार्तू शहराजवळच्या तळ्याकाठी इंद्रेक आणि त्याचा शाळासोबती लेहो यांनी मला स्वतःच्या हातांनी ठोकलं. विशीतली पोरं ती. घरबसल्या इंटरनेटवरून सह्या करता याव्यात, असं खूळ त्यांच्या डोक्यात होतं. कंपनीसुद्धा माझ्यावर बसूनच काढली. सही तारेतून जाते तरी कशी, हे मला अजून उमगलेलं नाही.

कंपनी वाढली. परदेशी गिऱ्हाईक ती अख्खी विकत मागू लागलं. एका शनिवारी दोघं माझ्यावर बसले.

"विकून टाकूया ना?" इंद्रेकनं विचारलं.

लेहोनं तापल्या दगडांवर पळीभर पाणी ओतलं, वाफ उसळली, आणि तो गप्प बसला. इकडची माणसं मुळातच मितभाषी. वाफेत तर तोंडाला कुलूपच. इंद्रेकनं तो होकारच धरला. मोठा हिस्सा त्याचा, त्यामुळे सोमवारी त्यानं कंपनी विकलीसुद्धा. लेहोच्या लेखी मात्र ते गप्प बसणं म्हणजे चक्क नकार होता. मग बारा वर्षं अबोला. आहे की नाही कमाल!

इंद्रेक आता दुसऱ्यांच्या नव्या कंपन्यांत पैसे घालतो. बर्लिनची, लिस्बनची पोरं फुशारक्या मारत येतात. कपडे उतरवून माझ्यावर बसली की त्यांची त्रेधा उडते. दाखवायला हातात काही नसतं, मग निमूट खरं बोलतात. त्यांच्या गोष्टी ऐकायला मला फार आवडतं. इंद्रेक मात्र ऐकता ऐकता शेजारच्या रिकाम्या जागेकडे बघतो. मला वाईट वाटायचं.

गेल्या शनिवारी इंद्रेकनं लेहोला बोलावलं आणि तो आला! डोकं पार पांढरं झालंय.

"नवी कंपनी काढतोय," इंद्रेक म्हणाला. "तू हवास."

"मागच्या वेळी विचारलं होतंस?"

"विचारलं होतं की! तूच गप्प बसलास."

"गाढवा, लहानपणापासून ओळखतोस मला. आनंद झाला की मी बडबडतो. माहीत नव्हतं तुला?"

इंद्रेकनं मान खाली घातली. "माहीत होतं. म्हणून तर दुसऱ्यांदा विचारलं नाही."

अरे देवा! बारा वर्षं मी त्या गप्प बसण्यालाच बोल लावत होतो.

लेहो उठला. मला वाटलं, निघाला आता. पण त्यानं भूर्जाच्या डहाळ्यांची जुडी पाण्यातून काढली. "पाठ कर इकडे." इथे वाफेत एकमेकांची पाठ झोडपतात, अंग मोकळं होतं म्हणून, पण असे फटके मी कधी पाहिले नव्हते. इंद्रेकनं एकदाही पुरे म्हटलं नाही.

मी आता काळवंडलोय, कडा झिजल्यात. सुतार नव्या बाकासाठी मापं घेऊन गेलाय. काढा मला, खुशाल जळणात घाला, तक्रार नाही. फक्त येता शनिवार जाऊ द्या. लेहो येतो म्हणालाय. तो बडबडतो का, एवढं मला ऐकायचंय.