मस्तगडच्या चिपला निरोप

मस्तगडच्या बाजारात जगन्नाथकाकांचं दुकान होतं. कापसातली ओल मोजणारी यंत्रं ते स्वतः बनवून कापसातली सरकी काढणाऱ्या जिनिंगवाल्यांना विकत. यंत्राच्या पोटातली चिप फार जुनी, बनवणाऱ्या कंपनीनंही कधीच सोडून दिलेली. पण काकांनी तिचा मोठा साठा करून ठेवला होता, आणि तिच्यावर त्यांचा जीव होता.

त्यांची पुतणी तारा औरंगाबादला इंजिनियर झाली आणि नोकरीऐवजी काकांच्या दुकानात आली. यंत्रातले प्रोग्राम ती लिही. ते चिपच्या भाषेत उतरवून देतो तो कंपायलर. तिचा कंपायलर फुकटातला होता. देशोदेशींचे लोक आपापल्या सवडीनं तो मिळून लिहीत, आणि कुणालाही उघडून पाहायची, दुरुस्त करायची मुभा होती.

दोन हजार चार साली, दिवाळी होऊन जिनिंगचा हंगाम रंगात आला असताना, या मंडळींच्या सामायिक ईमेलवर एक सूचना आली. ज्या चिपांकडे वर्षानुवर्षं कुणी पाहिलेलं नाही, त्यांचा आधार, म्हणजे त्यांच्या भाषेत उतरवून द्यायची सोय, कंपायलरच्या पुढच्या आवृत्तीतून काढायची. कुणाला ती हवी असेल तर त्यानं जबाबदारी घ्यावी. त्यात काकांची चिप होती.

"काका, आपली चिप काढून टाकून राह्यलेत."

चिपचे पाय बोर्डाला डाख लावून जोडता जोडता काकांचा हात थांबला. "कशापायी? बराबर चालून राह्यली ना?"

"तिच्याकडं बघणारं कुणी न्हाई म्हणतेत."

"मंग तू हायेस की! सांग त्यांना."

तारानं सांगितलं. या कामाची देखरेख करणाऱ्या, नॉर्वेतल्या एमिल नावाच्या माणसानं लगेच उत्तर दिलं: जरूर घ्या, आधी चाचण्या चालवून पाहा. तारानं काकांचा बोर्ड कॉम्प्युटरला जोडला आणि चाचण्या लावल्या. निकालात चुकांची रांगच लागली. नव्या कंपायलरमध्ये या चिपचं काम कधीचंच मोडून पडलं होतं. दुकानात जुनीच आवृत्ती वापरत असल्यानं कळलं नव्हतं एवढंच.

ती हट्टाला पेटली. एकेक चूक शोधून दुरुस्त करू लागली. मग एक दिवस तिच्याच एका दुरुस्तीनं दुसऱ्या चिपांचं चालतं काम बिघडलं. एमिल रागावला नाही. पण ती दुरुस्ती मागे घेताना तारानं कंपायलरचा तो सगळा भाग नीट वाचला, आणि जागोजाग तिला एकच गोष्ट दिसली: ही चिप असेल तर असं करू नका, तसं करू नका. जिला कुणी वापरत नव्हतं तिला धक्का लागू नये म्हणून लिहिणारे सगळे अंग चोरून वावरत होते. कुणाकडे ही चिप आहे का, असं तिनं सामायिक ईमेलवर विचारून पाहिलं. एका निवृत्त प्राध्यापकांनी तेवढं कळवलं, की एक आहे, कपाटात.

चिप काढलेलीच बरी, हे काकांना सांगणं ताराला जड गेलं. ते रुसून बसले. दुसऱ्या दिवशी सकाळी म्हणाले, "चल, हसनाबादला जाऊन येऊ."

हसनाबादला रामरावांच्या जिनिंगमध्ये काकांनी केलेलं पहिलं यंत्र होतं. काकांनी ते उघडलं, धूळ झटकली, मूठभर कापूस घालून पाहिला. आकडा चोख आला.

"बिलकुल तक्रार न्हाई, जगन्नाथभाऊ," रामराव म्हणाले. "फक्त आकडा तिकडं हापिसातल्या कॉम्प्युटरवर दिसायला पायजेल. जमंल का?"

काका ताराकडे पाहू लागले. या चिपला ते झेपणारं नव्हतं, हे दोघांनाही ठाऊक होतं.

परतताना एसटीत काकांनी विचारलं, "त्यांनी आधार काढला तर हे यंत्र बंद पडंल?"

"न्हाई काका. जुना कंपायलर आपल्यापाशी हाय, तो कुणी नेत न्हाई. ही यंत्रं आहेत तशी चालतील."

काका बाहेरच्या कपाशीकडे बघत म्हणाले, "मी उगंच रुसून बसल्तो. पण तारा, काढायचीच असंल तर दुसऱ्यानं कशाला? कुठं कुठं गुतलीय ते तुलाच ठावं. तूच काढ, जपून."

तारानं जपूनच काढली. बाकी चिपांच्या चाचण्या पुन्हा पुन्हा चालवल्या. सगळ्या पार पडल्या. हा बदल पाठवताना सोबतच्या टिपेत तिनं लिहिलं, की या चिपनं आमच्या भागातला कापूस वर्षानुवर्षं इमानानं मोजला. एमिलनं ती टीप शब्दही न बदलता ठेवली, आणि विचारलं: एक नवी छोटी चिप आहे, कंपायलरमध्ये तिचा सांभाळ करणारा थकला आहे. तुम्ही घ्याल?

काकांनी ती चिप मागवली, भिंगाखाली उलटसुलट पाहिली. "पाय लईच बारीक हायेत हिचे," म्हणत कुरकुरले, आणि त्याच दुपारी नवा बोर्ड आखायला बसले. पुढच्या हंगामात रामरावांच्या हापिसात आकडे दिसू लागले.

त्या हिवाळ्यात ताराला इजिप्तहून एका मुलीची ईमेल आली. तिचा प्रोग्राम या नव्या चिपवर अडकत होता. सांभाळणारी म्हणून ताराचं नाव सापडलं, म्हणून लिहिलं होतं. तारानं ती काकांना मराठीत वाचून दाखवली.

काकांनी चष्मा पुसला आणि स्टूल ताराच्या शेजारी ओढलं. "तिला म्हणावं घाबरू नको. बोर्डाचा फोटो धाड म्हणावं, जल्दी. बघू काय झालंय ते."